ब्लू लेटर बायबल अॅप : 'सीतॉस' म्हणजे मका नव्हे

ग्रीक येत नाही पण बायबलच्या नव्या करारात मूळ ग्रीक शब्द काय होता हे बघायची ओढ आहे, अशांनी हे फुकट अॅप जरूर घ्या. मी पवित्र शास्त्र मराठीतच वाचते, बाजूला फोनवर हे उघडं. वचनावर टॅप केलं की इंटरलिनिअर (म्हणजे मूळ शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ जोडीने), शब्दाशेजारी स्ट्राँगचा नंबर (स्ट्राँगच्या कोशात प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला क्रमांक), उच्चार ऐकायची सोय, आणि तो शब्द आणखी कुठे कुठे आलाय त्याची यादी.

मला हवं होतं योहान 12:24, गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो ते. तिथे दोन शब्द आहेत. 'कोक्कोस' म्हणजे एक सुटा दाणा, आणि 'सीतॉस' म्हणजे गहू, किंवा एकूणच धान्य. कोक्कोस नव्या करारात 7 वेळा येतो, त्यात 5 वेळा मोहरीचा दाणा! इंग्रजीत दोन्हीला ग्रेनच म्हणतात म्हणून घोळ होतो, आपल्याकडे दाणा वेगळा धान्य वेगळं, त्यामुळे मला पटकन कळलं आणि खरं सांगते, फार आनंद झाला.

जपायचं ते जुन्या इंग्रजीला. स्ट्राँगचा कोश 1890 चा, त्यात किंग जेम्स भाषांतरातले शब्द दिलेत, म्हणून सीतॉसखाली 'कॉर्न' पण दिसतं. आपल्याला कॉर्न म्हटलं की मका. पण त्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य, आणि मका तर कोलंबसनंतर अमेरिकेतून आला, येशूच्या काळात गालीलात तो कुणी पाहिलेलाच नाही.

मग गहू की धान्य? त्यासाठी यादीतली वचनं एकेक उघडायची. प्रकटीकरण 6:6 मधे एका दिनाराला, म्हणजे दिवसभराच्या मजुरीला, एक माप सीतॉस आणि तेवढ्यातच तीन मापं जव, म्हणजे तिथे गहूच, कारण जव शेजारी वेगळा मोजलाय आणि स्वस्त आहे. पण मार्क 4:28 मधे आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा, तिथेही ग्रीकमधे सीतॉसच, आणि तिथे गहूच म्हणायला हवं असं काही नाही. एका ओळीची व्याख्या वाचून थांबले असते तर हे सुटलंच असतं.

पाचपैकी साडेचार. आता मत्तय 13 मधलं निदण बघतेय, ग्रीकमधे 'झिझानिया', कणीस येईपर्यंत गव्हासारखंच दिसणारं ते तण.