आठ महिने कानाला चिमटा लावून: झोपेआधी अंग सैल करणाऱ्या यंत्राचा अनुभव

आमचं घर सांगलीत, गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. ते ओसरलं, घर धुऊन निघालं, पण रात्री दोनला उठून पाणी बघायची सवय अंगातून गेली नाही. 2021 ला पुन्हा तेच. पुढे पुढे तर भर उन्हाळ्यातसुद्धा दिवा मालवला की छाती धडधडायची, जबडा आवळलेला, खांदे कानापर्यंत चढलेले. डोळ्यांवर झोप असायची, अंग मात्र पहाऱ्यावर.

गेल्या डिसेंबरात भाच्याने हे यंत्र आणून दिलं. कानाच्या पाळीला नाडीचे ठोके टिपणारा चिमटा, वायर मोबाईलला. पडद्यावर एक फुगा वरखाली होतो, त्याच्या चालीने श्वास घ्यायचा, मिनिटाला साधारण सहा. श्वास घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. हे प्रत्येकाच्याच शरीरात चालू असतं. श्वास संथ झाला की हा चढउतार मोठा आणि सलग होतो. पडद्यावर या चढउताराची रेघ उमटते. माझी रेघ पहिल्या दिवशी करवतीच्या दात्यांसारखी होती. आठव्या-नवव्या दिवशी तीच रेघ डोंगररांगेसारखी गोल झाली, तेव्हा मला भरूनच आलं. इतकी वर्षं ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढंच ऐकत आले होते. इथे अंगात काय चाललंय ते समोर दिसत होतं.

तरी पहिले तीन आठवडे त्रासाचेच. ॲप रोज गुण देतं. ऐंशी आले की बरं वाटायचं, चाळीस आले की उरलीसुरली झोपही उडायची. शेवटी मोबाईल पालथा ठेवून नुसत्या आवाजावर श्वास घ्यायला लागले. खरा फरक तिथून पडला. गुण दाखवणं बंद करायची सोय ॲपमध्येच हवी होती. कंपनीला दोनदा कळवलं, उत्तर नाही. वायरही चौथ्या महिन्यात सैल झाली, ती पदरच्या पैशाने बदलली.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी घोरण्याची चौकशी केली, थायरॉइड तपासलं. मग स्पष्ट सांगितलं, ‘ताई, यंत्र मदतीला ठेवा, पण हा निद्रानाशाचा पूर्ण उपचार नव्हे.’ जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तन-उपचार पद्धत. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनेही 2016 मध्ये तीच शिफारस केली आहे. त्यातल्या दोन गोष्टी मी काटेकोर पाळते. उठायची वेळ रोज साडेपाच, रात्र कशीही गेली तरी. आणि बराच वेळ झोप लागली नाही तर अंथरूण सोडून बाहेरच्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. हे यंत्रापेक्षा अवघड आहे, थंडीत तर फारच.

श्वासाआधी दहा मिनिटं स्नायू आवळून सोडते. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांची ही जुनी पद्धत. तळपायापासून सुरुवात: बोटं आवळायची, पाच-सात सेकंद धरायची, मग एकदम सोडायची आणि सुटलेपण नीट जाणवू द्यायचं. जबडा मी सगळ्यात शेवटी घेते, कारण तो सुटला की बाकी सगळं सुटतं. तोवर तळहात गरम झालेले असतात. झोप येताना शरीर आतून थोडं थंड होतं आणि ती उष्णता हातापायांतून बाहेर पडते, म्हणून गार हातांनी मी आता अंथरुणावर जातच नाही. सव्वानऊला कोमट पाण्याने अंघोळ, साडेदहाला झोप.

आधी झोप लागायला दीड-दोन तास जायचे, आता बहुतेक रात्री अर्धा तास. महिन्यातून चार-पाच रात्री अजून वाईट जातात.

घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. सासूबाईंनी हौसेने चिमटा लावून बघितला, पण त्यांचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे रेघ वेडीवाकडीच आली. त्या घाबरल्या, ‘अगं, माझं काय बिघडलंय का?’ नाडी अनियमित असेल तर या रेघेवरून काही ठरवू नये. त्यांना मी आता नुसतं स्नायू आवळून सोडायला शिकवलंय, दुखऱ्या गुडघ्यांना हात न लावता.

जुलैत पाणी चढायला लागलं तसा मोबाईलवर रोज आकडा येऊ लागला. त्या आठवड्यात दोनला जाग यायचीच. एका रात्री उठून चिमटा शोधला नाही. तशीच पडून राहिले, श्वास लांब सोडत गेले, पावसाचा पत्र्यावरचा आवाज ऐकत. जाग आली तेव्हा साडेपाचचा गजर वाजत होता.