पणजोबांचा शोध: भावकीला विचारावं की अनोळखी अभ्यासकांना?

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या पुतण्याला हा प्रश्न पडलाय. पैसा दोन्हीकडे लागत नाही. उत्तर लवकर येतं ते भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पण तिथे आठवणी मिळतात, सन क्वचितच.

पुराव्यात वंशावळ-जुन्या कागदांच्या अभ्यासकांचा ऑनलाइन गट सरस, मात्र प्रश्न नेमका हवा. ‘आमचं मूळ गाव कोणतं?’ याला कोण काय सांगणार? पणजोबांचं व त्यांच्या वडिलांचं नाव, अंदाजे सन, गाव-तहसील आणि आधी काय तपासलं, हे लिहा. विदर्भातले १९५० पूर्वीचे कागद मध्य प्रांत-वऱ्हाड या तेव्हाच्या प्रांताच्या नावाखाली असू शकतात, तेही सांगा. मोडीतल्या पानाचा पूर्ण, स्पष्ट फोटो टाका. हयात माणसांची माहिती मात्र तिथे मुळीच नको.

घरात आजी, मोठी आत्या असेल तर आधी भावकी. नाव-गाव ठाऊक असून कागद शोधायचा किंवा वाचून घ्यायचा असेल, तर अभ्यासक.