चांदीचे नाणे ग्रेडिंगला पाठवावे की तसेच जपून ठेवावे?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत लक्ष्मीच्या नाण्यांबरोबर आता एक औंसाचे अमेरिकन सिल्व्हर ईगल किंवा कॅनडाचे मेपल लीफही दिसू लागले आहे. मग प्रश्न येतो, की एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकी संस्थांकडे पाठवून त्या नाण्याची श्रेणी ठरवून घ्यावी, की ते आहे तसे डबीत ठेवावे. ग्रेडिंग म्हणजे शुद्धतेची परीक्षा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नाणे अस्सल असल्याची खात्री झाली, की परीक्षकाची नजर असते ती त्याच्या पृष्ठभागावर: बारीक ओरखडे, टाकसाळीतच नाण्यावर नाणे आपटून पडलेल्या खुणा, झळाळी आणि उठावाचा ठसठशीतपणा. त्यावरून १ ते ७० यांपैकी एक अंक दिला जातो आणि नाणे स्लॅब नावाच्या कडक पारदर्शक वेष्टनात बंद होते. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी सुरू झाली आणि या मोजपट्टीचा वापर सर्वदूर पोहोचला.

प्रथम हिशेब पाहू. सिल्व्हर ईगलमध्ये ३१.१ ग्रॅम चांदी असते. किलोचा भाव एक लाख रुपये धरला तर धातूचे मोल ३,११० रुपये होते आणि दोन लाख धरला तर ६,२२०. ग्रेडिंगचे शुल्क, जाण्यायेण्याचे विमा उतरवलेले कुरिअर आणि नाणे परत येताना कस्टम्सचे सोपस्कार हा सारा खर्च एकाच नाण्यावर पडला, तर तो धातूच्या किमतीच्या जवळ सहज पोहोचतो. त्याच्या बदल्यात बहुधा मिळतो तो ६९ हा अंक. अलीकडच्या वर्षांची, न हाताळलेली बुलियन नाणी, म्हणजे धातूच्या मोलासाठी विकली जाणारी नाणी, बहुतांशी ६९ किंवा ७० याच अंकांची असतात आणि ६९ ला सुट्ट्या नाण्याहून फारसा जास्त भाव मिळत नाही. ७० ला तो मिळतो, पण मोठे व्यापारी शेकडो नाणी एकत्र पाठवून त्यातली ७० ची वेगळी काढतात आणि एका नाण्याचा खर्च अगदी कमी करून घेतात. दोन-चार नाणी बाळगणाऱ्याने त्यांच्याशी या खेळात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे विकताना काय होते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. नौपाड्यातल्या एका सराफी पेढीवर मी दोन ईगल घेऊन गेलो होतो. एक स्लॅबमधले, ६९ अंकाचे, आणि दुसरे सुटे. सराफांनी सुटे नाणे काट्यावर ठेवले, ३१.११ हा आकडा मला दाखवला, यंत्रावर टंच काढला आणि घट धरून भाव सांगितला. स्लॅब मात्र त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “साहेब, हे प्लास्टिक काढून द्या, मग वजन करतो.” त्यात त्यांची काहीच चूक नव्हती, कारण त्यांचा व्यवसाय धातूचा आहे आणि त्या अंकासाठी पैसे मोजणारा गिऱ्हाईक त्यांच्या दुकानात येत नाही. तो संग्राहकांच्या लिलावात आणि परदेशी बाजारात असतो. तिथवर पोहोचण्याची तयारी नसेल, तर स्लॅबवर केलेला खर्च परत मिळण्याचा मार्गच उरत नाही.

जुन्या रुपयांची गोष्ट वेगळी आहे. राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा असतो, पण त्याचे खरे मोल साल आणि स्थिती यांवर ठरते. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे आणि १९३८ च्या नाण्यावरचा शेवटचा आकडा बदलून तो बनवल्याचे प्रकार होतात. अशा नाण्यावर त्रयस्थ तज्ज्ञांची मोहोर असणे खरोखर उपयोगाचे असते, आणि येथे मी ग्रेडिंगच्या बाजूने आहे. १९११ च्या, हत्ती डुकरासारखा दिसतो या तक्रारीमुळे परत घेतल्या गेलेल्या आणि ‘पिग रुपया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाण्यालाही हाच न्याय लागू झाला असता, मात्र तिथे कायदा आड येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आजीच्या पेटीतला व्हिक्टोरियाचा रुपया कुरिअरने अमेरिकेला पाठवण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने तो इथेच सोडून द्यावा.

एक घरगुती बाबही ध्यानात घेतली पाहिजे. धनत्रयोदशीला नाणे ताम्हनात ठेवून त्यावर पंचामृत घालायचे आणि हळदकुंकू वाहायचे, ही आपली रीत स्लॅबमधल्या नाण्याला चालत नाही. उलट, चिंच किंवा रांगोळीने घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली असंख्य बारीक रेषा दिसतात आणि परीक्षक त्याला अंक न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. म्हणून पूजेचे नाणे आणि संग्रहाचे नाणे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे.

स्लॅबमुळे नाणे काळे पडत नाही, हाही पूर्ण खरा समज नाही, कारण ते वेष्टन हवाबंद नसते. खाडीकाठच्या दमट, गंधकयुक्त हवेत चांदी काळवंडतेच. घट्ट बसणारी कॅप्सूल, सिलिका जेलची पुडी आणि कोरडे कपाट यांनी थोड्या पैशांत बरेच साधते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात मात्र नाणे कधीही ठेवू नये, कारण त्यातून हिरवट चिकट थर चढतो. मेपल लीफवर पूर्वी वारंवार उमटणारे दुधी डाग कमी व्हावेत म्हणून कॅनडाच्या टाकसाळीने २०१८ पासून मिंटशील्ड ही प्रक्रिया आणली, तरी त्याआधीच्या नाण्यांवर ते स्लॅबच्या आतही येऊ शकतात.

नाणे खोटे तर नाही ना, एवढीच शंका असेल तर घरी तपासता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याने बांधलेले ईगल, पेल्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवावे. चांदीची घनता १०.४९ असल्याने काटा २.९६ किंवा २.९७ ग्रॅमच्या आसपास स्थिरावला पाहिजे. तो ३.४ च्या पुढे गेला, तर आत तांबे किंवा पितळ आहे असे समजून बिल घेऊन थेट विक्रेत्याकडे जावे.