बिननावाची यूएसबी-मिडी केबल: घरच्या रियाजाला चालेल, स्टेजवर नको

एका टोकाला यूएसबी, मधे काडेपेटीएवढी डबी, दुसरीकडे पाच पिनांचे दोन गोल प्लग. कोल्हापुरात वाद्यांच्या दुकानात स्वस्तातली मिडी केबल, म्हणजे कोणती पट्टी दाबली याची माहिती कीबोर्डकडून लॅपटॉपला पोचवणारी केबल, मागितली की अशीच काहीतरी हातात पडते. पैसे देण्याआधी कीबोर्डची पाठ बघा. तिथं गोल सॉकेट नसून नुसतं 'यूएसबी टू होस्ट' असेल, तर ही केबल घेऊच नका. प्रिंटरला लावतात ती साधी यूएसबी केबल पुरते.

पहिली चूक प्लगवरच्या नावांनी होते. 'इन' हे बहुतेक वेळा केबलचं स्वतःचं इन असतं, म्हणून ते कीबोर्डच्या 'आउट'मध्ये जातं. काही केबलींवर मात्र उलटं छापलेलं सापडतं. पट्टी दाबल्यावर डबीवरचा दिवा लुकलुकला नाही, तर आधी प्लग अदलाबदल करून बघा.

सूर वाजवून रेकॉर्ड करायला केबल ठीक आहे. एक सूर म्हणजे तीन बाइट, आणि मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. आवाज उशिरा येतोय म्हणून केबलला दोष देऊ नका. लॅपटॉपमधला ऑडिओ बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवले जाणारे आवाजाचे नमुने, ५१२ वरून १२८ वर आणा. ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्यानं सुमारे १२ मिलिसेकंदांचे ३ होतात. सूर दुहेरी ऐकू येत असेल तर कीबोर्डचा 'लोकल कंट्रोल' बंद करा, म्हणजे पट्टी दाबल्यावर त्याचा स्वतःचा आवाज येणार नाही.

खरी गोची लांब संदेशांची. यामाहाच्या डीएक्स७ या सिंथेसायझरच्या ३२ टोनांचा बॅकअप ४,१०४ बाइटांचा असतो. अशा स्वस्त डबीची मेमरी अपुरी असली की मधले बाइट गळतात आणि कीबोर्ड चेकसमची, म्हणजे डेटा नीट पोचला का या पडताळणीची, चूक दाखवतो. सॉफ्टवेअरमध्ये पाठवण्याचा वेग कमी केला तर कधी जमतं, पण कीबोर्डकडून येणाऱ्या डेटाला तो उपाय लागू पडत नाही. जमवलेले टोन अशा केबलच्या भरवशावर ठेवू नयेत.

दुसरी उणीव उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. मिडीच्या इनपुटला ऑप्टोकपलर नावाचा सुटा भाग हवा. तो दोन यंत्रांची वीज वेगळी ठेवतो. काही डब्यांत तो नसतोच. मग गणपतीच्या स्टेजवर जनरेटर, लॅपटॉप आणि मिक्सर एकत्र आले की स्पीकरमधून घुंऽऽ सुरू होतं.

ऑर्केस्ट्रासाठी थोडे जास्त पैसे घालून रोलँडची यूएम-वन एमके२ ही यूएसबी-मिडी केबल घ्या. आयपॅडला लावताना तिचं बटण 'टॅब'वर ठेवायचं, एवढं लक्षात असू द्या.

आणि वरच्या कीबोर्डवरून खालच्याचा टोन वाजवायचा असेल, दोघांनाही गोल सॉकेट असतील, तर यूएसबीचा खटाटोपच नको. साधी पाच पिनांची केबल वरच्याच्या आउटमधून खालच्याच्या इनमध्ये लावा आणि दोन्हीकडे मिडी चॅनलचा क्रमांक एकच ठेवा. १५ मीटरपर्यंत ती बिनघोर चालते.