लिंक एक्सचेंजचं पॅकेज: होमस्टेवाल्यांनी घ्यावं का?

दोन स्टार देतोय. एक फोन उचलतात म्हणून, एक रिपोर्ट वेळेवर पाठवतात म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हेच पॅकेज विकणारे ढीगभर आहेत आणि मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात सीझनच्या तोंडावर बहुतेक सगळ्या होमस्टेवाल्यांना हे फोन येतातच, "सर तुमची वेबसाईट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो." आमच्या होमस्टेसाठी काकांनी सिल्व्हर पॅकेज घेतलं, १२ हजार रुपये. वेबसाईटचं सगळं मी बघतो त्यामुळे पुढचं जे झालं ते जवळून बघायला मिळालं.

सर्व्हिस काय तर लिंक एक्सचेंज. म्हणजे तुमच्या साईटवर दुसऱ्याची लिंक, दुसऱ्याच्या साईटवर तुमची. गोल्डमध्ये थ्री वे मिळतं, आपण ब ला लिंक द्यायची, ब ने क ला, क ने आपल्याला, म्हणजे म्हणे गुगलला कळत नाही. (कळतं. ही शक्कल फार जुनी आहे.)

सुरुवातीलाच त्यांनी वर्डप्रेसचा (आमची साईट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) अॅडमिन पासवर्ड मागितला, म्हणजे अख्ख्या साईटची चावी. मी म्हटलं लिंका मला पाठवा, मी टाकतो, तर म्हणाले प्रोसेस अशीच आहे सर. शेवटी एडिटरचा, म्हणजे कमी अधिकारांचा, वेगळा अकाऊंट काढून दिला. ज्यांनी अॅडमिन दिलाय त्यांनी आधी जाऊन बदला, बाकीचं नंतर वाचा.

मग साईटवर "आमचे पार्टनर्स" नावाचं पान उगवलं. त्यावर एक पॅकर्स अँड मूव्हर्स, दोन ज्योतिषी, टाईल्सचं दुकान, कुठल्यातरी लांबच्या शहरातला डेंटल क्लिनिक आणि एक ऑनलाईन रमी. रमी मी त्याच दिवशी उडवली. काकांना पान दाखवलं तर म्हणाले, "ह्या दातांच्या डॉक्टराक आपल्या घरात कोणी आणून बसयल्यान?" पुढे पुण्याच्या एका पाहुण्यांचा फोन आला, खोली, जेवण, सुरमईचं ताट सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता विचारतात, तुमच्या साईटवर रूट कॅनलचं पण दिसतंय, ते काय आहे? काय सांगणार.

आता रिपोर्ट. एक्सेल शीट येते, त्यात साईटचं नाव, आपली लिंक कुठल्या पानावर आहे ते, आणि शेवटच्या रकान्यात डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, साईट किती वजनदार त्याचा अंदाज. डीए ३८, डीए ४१ असं हिरव्या रंगात. हा आकडा गुगलचा नाही हे कोणी सांगत नाही. मॉझ नावाची कंपनी स्वतःच्या हिशोबाने १ ते १०० मध्ये हा आकडा काढते, गुगल रँकिंगला तो वापरत नाही. आणि प्रत्येक साईटवर आपली लिंक फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात, सगळीकडे तेच शब्द, "बेस्ट चीप होमस्टे तारकर्ली". माणूस लिंक देतो तेव्हा कोण होमस्टेचं नाव लिहील, कोण "इथे राहिलो होतो" लिहील, कोण नुसता पत्ता चिकटवेल. शंभर ठिकाणी शब्दाला शब्द तोच म्हटल्यावर आंधळ्यालाही दिसेल, गुगलचं तर कामच ते आहे.

ह्याच्या मागचं गणित थोडं सांगतो म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की विचारता येईल. गुगल १९९८ मध्ये सुरू झालं ते लिंक म्हणजे शिफारस ह्या कल्पनेवर, पेजरँक म्हणतात त्याला. ज्याच्याकडे जास्त आणि वजनदार लोकांच्या लिंका तो वर. मग लोकांनी लिंका विकायला, बदलायला सुरुवात केली. लग्नातल्या आहेरासारखं, तुम्ही पाचशे द्यायचे, त्यांनी पाचशे परत करायचे, श्रीमंत कोणीच होत नाही. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन अपडेट आणलं आणि अशा लिंकांवर चाललेल्या भरपूर साईट खाली आपटल्या. २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे, आणि तेव्हापासून अख्ख्या साईटला खाली ढकलण्यापेक्षा असल्या लिंकांची किंमत शून्य धरण्यावर भर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्पॅमब्रेन नावाची सिस्टीमपण ह्याच कामाला लावली. त्यांच्या स्पॅम पॉलिसीत सरळ लिहिलंय की अति प्रमाणात "तू मला दे मी तुला देतो" आणि फक्त लिंका अदलाबदल करायला बनवलेली पार्टनर पानं चालणार नाहीत. म्हणजे आमच्या १२ हजारांत जे पान मिळालं तेच.

मग फायदा झाला का? त्यांच्या रिपोर्टमध्ये झाला. ऑक्टोबर ते डिसेंबर ग्राफ वर चढताना दाखवला, "सर बघा ग्रोथ". अहो पावसाळ्यात इथे वॉटर स्पोर्ट्स बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, कोण शोधणार तारकर्ली? दिवाळी आणि नाताळला ग्राफ चढणारच, काही नाही केलं तरी चढतो. मी सर्च कन्सोलमध्ये (आपली साईट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच फुकट टूल) आदल्या वर्षीचे तेच महिने शेजारी लावून बघितले, चढ जवळपास सारखाच. "तारकर्ली होमस्टे" टाकलं की आधी मॅप, मग मोठ्या बुकिंग साईट, मग आम्ही, पूर्वी होतो तिथेच. हे विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर एसईओला (म्हणजे साईट गुगलवर वर आणायच्या कामाला) वेळ लागतो." आणि त्या पार्टनर साईटींवरून आमच्याकडे किती माणसं आली ते अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साईटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या टूलमध्ये, शोधलं, नावाला एखादा क्लिक. टाईल्स घ्यायला गेलेला माणूस फूटर वाचून देवबागला कशाला येईल.

एकमेकांना लिंक देऊच नये असं माझं म्हणणं नाही हां. आमच्या इथल्या स्कूबावाल्याच्या साईटवर "राहायचं कुठे" ह्या पानावर आमचं नाव आहे, आमच्या पानावर डॉल्फिन बघायला आणि स्कूबाला कोणाकडे जायचं ते लिहिलंय, त्यात तो आहे. हेही देवाणघेवाणच, पण पाहुणे तसंही विचारतातच आणि तिथून खरंच फोन येतात. सगळ्यात जास्त कामाची निघाली ती सागरी मार्गाने गोव्याकडे सायकलवर चाललेल्या एका ग्रुपची लिंक. एक रात्र राहिले, घरी जाऊन प्रवासाबद्दल लिहिलं, कुठे पंक्चर काढायला थांबलो, कुठे घाट लागला आणि कुठे सोलकढी दोनदा मागितली, त्यात आमची लिंक. आम्ही मागितलीही नव्हती. अजून कधीमधी सायकलवाले तेच वाचून येतात.

त्याच पैशात फोटो नीट काढून घेतले असते, मॅपवरच्या प्रोफाईलला वेळा, खोल्या, जेवणाचं अपडेट केलं असतं, रिव्ह्यूंना उत्तरं दिली असती तर जास्त झालं असतं. मॅपमध्ये वर यायला गुगल तीन गोष्टी सांगतं, शोधणाऱ्याला हवं तेच आहे का, अंतर किती, आणि लोकांत नाव किती. लिंका त्यातल्या तिसऱ्यात थोड्याफार धरतात, पण रिव्ह्यू तिथेच आहेत आणि ते फुकट आहेत.

पॅकेज आधीच घेतलं असेल तर पार्टनरचं पान काढून टाका, दिलेला अकाऊंट बंद करा, सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अॅक्शन, म्हणजे गुगलच्या माणसाने साईट तपासून केलेली कारवाई, आलीय का तेवढं बघा. आमच्याकडे नव्हती. नसेल तर डिसअव्हो टूलच्या ("ह्या लिंका माझ्या धरू नका" असं गुगलला कळवायचं टूल) नादी लागायचं कारण नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण पान काढल्यावर त्याच लोकांचा काकांना मेसेज आला, सर तुमच्या साईटवर टॉक्सिक, म्हणजे घातक, लिंक्स दिसतायत, क्लीनअप करून देतो, ८ हजार.