सत्कारमूर्तीच उपाशी! (5 पैकी 3 स्टार)
ऑफिसच्या साहेबांचा रिटायरमेंट डिनर होता, 80 माणसं, हॉल, जेवण, अँकर सगळं एकाच इव्हेंटवाल्यांना दिलेलं. नाव लिहीत नाही कारण पोरं मेहनती आहेत, पण सत्कार कुणाचा आहे हेच त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

अहो प्रमुख पाहुणे वेगळे आणि सत्कारमूर्ती वेगळे! पहिला चार शब्द बोलतो आणि दुसरीकडे जायचंय म्हणून निघतो, दुसऱ्यासाठीच तर सगळा खटाटोप. अँकर साहेबांना म्हणतो, "आपला अमूल्य वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल आभार". आता ते कुठे जाणार होते?

यजमानाच्या उजव्या हाताची जागा मानाची, तिथे बसवा असं मी दोनदा सांगितलेलं. तर म्हणे फोटोत स्टेज रिकामं दिसतं. मग स्टेजवर एकटाच एक सोफा, तोही इतका मऊ की साहेब आत रुतले, गुडघे पार छातीशी, मांडीवर चार बुके, आणि हातात पाण्याची सीलबंद बाटली जी एका हाताने उघडणार कशी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जेवण वाढलं मात्र आधी त्यांनाच, तेवढं बरोबर केलं. पण ताट आलं आणि फोटोवाल्यांची लाइन लागली, उठा, हसा, बसा, परत उठा, आणि तिसऱ्यांदा बसले तर ताट गायब, वाढप्याला वाटलं झालं जेवून! त्यात मानाचा पाहुणा निघाल्याशिवाय आपण कसं निघायचं म्हणून लोक थांबलेले, आणि साहेब वाट बघतायत की हे गेले की दोन घास खाऊ 😄 असा अर्धा तास गेला.

शेवटी एका वयस्कर वाढप्याने ओळखलं, काही न बोलता मागच्या खोलीत गरम ताट झाकून ठेवलं आणि साहेबांना "फोन आलाय" सांगून आत नेलं.

बुक करणार असाल तर आपला एक माणूस फक्त सत्कारमूर्तीसाठी ठेवा, बुके धरायला, बाटली उघडायला आणि मुख्य म्हणजे ताटावर लक्ष ठेवायला. एक स्टार जेवणाच्या चवीला, बाकीचे दोन्ही त्या काकांना.