शाळेच्या एसटीचं मॉडेल: तयार मागवावं की घरी बनवावं?

जुन्या लाल डब्याचं वेड असेल आणि शाळेच्या दिवसातली ती गाडी घरात शोकेसमध्ये हवी असेल तर दोन रस्ते आहेत, एक तर कुणी बनवून देणाऱ्याकडून मॉडेल मागवायचं नाहीतर सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) आणि कटर घेऊन आपणच बसायचं. मी दोन्ही केलंय, आधी तयार मागवलं आणि मग दीड वर्षाने घरी बनवलं, म्हणून सांगतोय.

माझी गाडी म्हणजे गिरणारे-नाशिक. पाचवी ते दहावी रोज सकाळी तीच, दुगाव, गंगापूर गाव करत सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य स्टँडला, जाणारी, मी शाळेपाशी गंगापूर रोडलाच उतरायचो. पास होता, एक तृतीयांश भाड्यात. टोमॅटोच्या सीझनला आत पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे क्रेट. पण डावीकडची चौथी खिडकी मी सहसा सोडायचो नाही. तिची काच वर सरकवली की थांबायची नाही, धाडकन खाली यायची, म्हणून वहीच्या पानाची घडी करून फटीत खोचून ठेवायचो आणि मग हिवाळ्यात पण तोंडावर वारं घेत बसायचो. आईला कळायचंच, घरी गेल्यावर नाक लाल.

तर आता तयार मॉडेल. १:२४ स्केलचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचं, मागवलं होतं, साडेचार हजार दिले. काम सुंदर आहे यात वादच नाही. रंग एकदम सपाट, कुठे थेंब नाही, पाटीवरची अक्षरं स्वच्छ, चाकं फिरतात. प्रमाणही चोख होतं, आणि ज्यांना गाड्यांचं वेड आहे ते आधी प्रमाणच बघतात. लेलँडची २२२ इंची चेसिस धरली तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकातलं ते २२२ इंचांचं अंतर, या स्केलला साडेतेवीस सेंटिमीटर यायला पाहिजे, पट्टी लावून बघितलं, बरोब्बर आलं. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकाच्या मागे उरणारी बॉडी, नियमाने व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आतच लागतो, म्हणजे इथे १४ सेंटिमीटरच्या आत, तेही पाळलेलं. बरेच जण तिथेच चुकतात, शेपूट लांब ठेवतात आणि मग गाडी एसटी वाटतच नाही.

नंबरप्लेटही सांगितली तशी एमएच २० ची करून दिली. नाशिकच्या गाडीला एमएच १५ का नाही असं घरी येणारे विचारतात. एसटीची बॉडी बांधायची ती पुण्याच्या दापोडी, औरंगाबादच्या (आताचं संभाजीनगर) चिकलठाणा नाहीतर नागपूरच्या हिंगणा वर्कशॉपला, आणि पासिंगही तिकडचंच, त्यामुळे औरंगाबादचं एमएच २० दिसलं की ही चिकलठाण्याची गाडी हे आम्हाला लांबूनच कळायचं.

मग बिघडलं कुठे? खिडक्यात. सगळ्या खिडक्यांवर काळी फिल्म चिकटवलेली, कारण आत काहीच नाही, सीट नाही, दांडे नाहीत, नुसता पोकळ खोका. फोटोत ते कळलं नव्हतं, मला वाटलं फोटोच अंधारा आलाय. साधी एसटी आणि काळ्या काचा! दोन-तीन महिने रोज येताजाता नजर त्या चौथ्या खिडकीवरच जायची आणि मला ते सहनच व्हायचं नाही. बनवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला आतलं काम धरलं तर किंमत दुप्पट होईल, त्याचंही बरोबर असेल.

म्हणून मेन रोडवरून तीन आणि पाच एमएमचा सनबोर्ड आणला आणि बसलो. घरी बनवण्याचा त्रास खरा आहे तो आधी सांगतो. खिडक्यांच्या मधली दांडी या स्केलला जेमतेम अडीच मिलिमीटर राहते, कटर जरा सरकला की तुटली, माझी अख्खी डावी बाजू दोनदा वाया गेली. चार महिन्यांचे रविवार गेले. लाल रंग स्प्रेने मारला तो जरा भगव्याकडे झुकला, अजून मनासारखा नाही. रिवेट मात्र झकास जमले, जाड फॉइल घ्यायचं आणि मागून रिकाम्या रिफिलने टोचत जायचं, अॅल्युमिनियमच्या जुन्या बॉडीवर कसे रांगेत उठून दिसायचे तसेच दिसतात. काचांना ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, वापरली. सीट तीन-दोनच्या, हिरव्या रेक्झिनच्या तुकड्यांच्या, आणि डावीकडची चौथी काच अर्धी वर ठेवून फटीत कागदाची बारीक घडी घातलीय. बहिणीने बघितलं तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही, ती थेट त्या खिडकीवर बोट ठेवून म्हणाली, दादा, तुझी जागा.

आता तुमचं तुम्ही ठरवा. घरात लहान मूल असेल, ते गाडी हातात घेऊन फिरवणार असेल, तर तयार घेतलेलीच बरी, सनबोर्ड एका आपटण्यात जातो. वेळ नसेल किंवा कुणाला भेट द्यायची असेल तरी तेच. आणि तुमची आठवण बाहेरून बघितलेल्या गाडीची असेल, म्हणजे स्टँडवर लागलेली, घाट चढताना दिसलेली, तर काळ्या काचा कदाचित तुम्हाला खुपणारही नाहीत. मी रोज आत बसायचो, म्हणून मला खुपल्या असतील. माझ्याकडे आज दोन्ही आहेत, तयार वाली कपाटावर आहे आणि घरची टेबलावर.

मागवायचीच असेल तर पैसे द्यायच्या आधी बनवणाऱ्याला एवढं सांगा की गाडीच्या पलीकडे बल्ब धरून एका बाजूचा फोटो पाठव. उजेड खिडक्यांतून आरपार आला आणि सीटच्या पाठी दिसल्या तरच घ्या.